शेवटच्या ओळीवरचा दुवा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. किती जुना, ते विचारू नका. तुमच्या खिशातला फोन मला आजोबा म्हणायलासुद्धा लाजेल, एवढं समजा. माझा पडदा जेवणाच्या ताटलीएवढा आणि पाठ मात्र टेबलाबाहेर येईल एवढी मोठी. अंगाचा रंग मुळात दुधी होता, खिडकीतल्या उन्हानं तो पिवळट पडला. म्हणून पोरांनी माझं नाव ठेवलं बाकाल्याऊ. आमच्या गावात घरोघरी खारवलेला पिवळट सुका मासा पाण्यात भिजत घातलेला असतो ना, तोच. तशी चिठ्ठीच माझ्या कपाळावर चिकटवली होती मेल्यांनी. आधी राग यायचा. मग सवय झाली. आता दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर मी ओ देणार नाही.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका मोठ्या कारखान्यात पांढरे झगे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा बसवल्या. त्यातली एक स्क्रू आवळताना गुणगुणत होती, एवढंच ध्यानात आहे. माझे भाऊ बँकांमध्ये गेले, हिशेब करायला. एक म्हणे दवाखान्यात लागला. आणि मी? मी गेलो कॉलेजात कविता शिकवायला! भावांना कळलं असतं तर पोट धरून हसले असते.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर एक उंच, किडकिडीत बाई उभी होती. केसांत पेन्सिल खोचलेली आणि तीच पेन्सिल सगळ्या खोलीभर शोधणं चाललेलं. ही हॅस्केलबाई. नॅडीन हॅस्केल, साहित्याच्या प्राध्यापिका. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, टेकडीवरच्या आमच्या छोट्या कॉलेजात त्या अजून नव्यातच मोडत होत्या. त्यांनी कॉलेजच्या मागे लागून लागून आम्हा कॉम्प्युटरांची एक रांग मिळवली आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत मांडली. माझी जागा कोपऱ्यात, खिडकीपाशी. खाली बंदर दिसायचं आणि मासेमारीच्या बोटी परत आल्या की खिडकीतून तो वास थेट वर यायचा.

आता बाईंची अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. आमच्या कॉलेजचा रिवाज असा, की नव्या शिक्षकाला काही वर्षं पारखून घ्यायचं. मग विभागातले जुने लोक बंद चिठ्ठ्या टाकून मत देणार. बहुमत मिळालं तर तुम्ही जन्मभरासाठी कायम. नाही मिळालं तर सामान बांधा. कुणी काय मत दिलं, ते कधीच उघड करायचं नाही. बाईंची पारख वर्षअखेर, पुढच्या मे महिन्यात व्हायची होती. आणि या बाईंनी आपलं सगळं आमच्यावर लावलं होतं. आम्ही चाललो तर त्या राहणार, आम्ही फसलो तर त्या जाणार.

तर बाईंचं शिकवणं असं होतं. आमच्याच किनाऱ्यावर होऊन गेलेल्या एका कवयित्रीची एक लांबलचक कविता त्यांनी आमच्या पोटात घातली. एका खलाशाची बायको रोज संध्याकाळी कंदील घेऊन छपरावरच्या सज्ज्यावर जाते आणि नवऱ्याच्या बोटीची वाट बघते, अशी ती कविता. तिची सुरुवात मला अजून तोंडपाठ आहे:

दिवे लागायच्या वेळी ती जिना चढते,
हातात कंदील, ओठांवर मीठ.

आता यातल्या ‘मीठ’ या शब्दावर टिचकी मारा. झटकन दुसरं पान उघडतं. त्यावर कुणीतरी लिहिलेलं असतं, मासे कसे खारवतात, खारवणाऱ्या बायकांचे हात कसे फुटतात. त्या पानावरच्या ‘हात’ या शब्दावर टिचकी मारा, तिसरं पान. शब्दाला शब्द जोडणारा हा जो रस्ता, त्याला म्हणायचं दुवा. हे दुवे बाई घालत नसत, मुलं घालत. एखाद्या शब्दावर काही सुचलं की लिहायचं आणि जोडून टाकायचं. ज्यानं दुवा घातला त्याचं नाव आणि तारीख त्यावर आपोआप पडायची. आज तुम्ही दिवसभर हेच करता, म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हा पोरांनी पहिल्यांदा टिचकी मारली आणि शब्दाच्या पोटातून शब्द निघाला, तेव्हा खोलीत जो गलका झाला, तो मी विसरलेलो नाही.

बाईंचा एक कडक नियम होता. छापील पुस्तक वर्गात आणायचंच नाही. जे वाचायचं ते पडद्यावर. याच नियमानं पुढे घात केला.

माझ्यासमोर बसायची मेना. पूर्ण नाव फिलोमेना रेझेंदेस. तिचे आजीआजोबा समुद्रापलीकडच्या अझोर्स बेटांवरून आलेले, आई मासे कापायच्या कारखान्यात. मेना हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं. तिच्या शेजारी गिल पाशेको. याला कवितेपेक्षा मेनाला चिडवण्यात जास्त रस.

“किती दुवे झाले गं आज?” तो विचारायचा.

“तुझ्यापेक्षा जास्त.”

“माझा एकच झाला. पण खणखणीत.”

“कशावर?”

“‘कालवण’ या शब्दावर. माझ्या आत्याच्या हातच्या, केलच्या पाल्याच्या सूपवर जोडलाय.”

“कवितेत कालवण आहेच कुठे, शहाण्या?”

“नाहीये ना! तेच तर लिहिलंय. एवढी लांब कविता आणि जेवायला काही नाही.”

मेना हसायची नाही असं दाखवायची आणि मग हसायची. पण तिचे स्वतःचे दुवे मात्र जिवातून आलेले असत. तिचे आजोबा बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. आजी अजूनही रविवारी टेबलावर त्यांचं ताट मांडते. ‘वाट’ या शब्दावर मेनानं ते सगळं लिहिलं. त्या शब्दातून रस्ते फुटत फुटत अख्ख्या गावात पसरले. कोण कोण बुडालं, कुठल्या बोटीचं नाव काय होतं, चर्चमध्ये मेणबत्त्या कुणी लावल्या. मला तर त्या पोरीचं फार कौतुक वाटायचं. नाव ठेवण्यात तिचाच पुढाकार होता, तरीसुद्धा.

पण विभागात सगळ्यांना हे पसंत नव्हतं. सगळ्यात जुने होते एल्डन स्टॅनविक सर. उंच कपाळ, हातात कायम टोपी. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरच्याला झोंबलंच पाहिजे. एकदा दारातून डोकावून म्हणाले, “हॅस्केल, हा कवितेचा वर्ग आहे की टेलिफोन एक्स्चेंज? सगळे नुसते जोडतायत आणि तोडतायत.”

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. “सर, एकदा आत येऊन बसा तरी.”

“येईन की. मत द्यायचंय म्हणजे यायलाच हवं.”

आणि डिसेंबरात ते आले. एकटे नाही, विभागातले सगळे जुने लोक बरोबर. पोरं नटूनथटून आलेली. गिलनं तर टाय लावला होता आणि तो दर मिनिटाला ओढून बघत होता. बाईंनी पडदे दाखवले, दुवे दाखवले. कवितेच्या एका शब्दातून निघून तुम्ही बंदरात, बंदरातून चर्चमध्ये, चर्चमधून मेनाच्या आजीच्या स्वयंपाकघरात कसे पोचता, ते दाखवलं. पाहुणे माना डोलवत होते. एक बाई तर माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, “किती गोड!” मी फुलून गेलो. बाईंचं काम झालं, असंच मला वाटलं.

मग स्टॅनविक सर मेनाकडे वळले. “पोरी, मला एकच सांग. तिचा नवरा परत येतो का?”

साधा प्रश्न. गोष्ट ऐकताना लहान पोर विचारतं तसा.

मेना क्षणभरही थांबली नाही. “नाही येत. ती वाट बघत बघतच मरते.”

“असं?” सर म्हणाले. “मग शेवटचं पान वाचून दाखव.”

मेनानं माउस हातात घेतला. पण शेवटचं पान कुठे आहे, तेच तिला सापडेना. ती एका पानावर जायची, तिथून भलतीकडेच पोचायची. गिलनंही शोधलं. मागच्या पोरांनीही शोधलं. सगळ्या खोलीत नुसत्या टिचक्यांचा आवाज. मित्रांनो, मला माहीत होतं ना! शेवटचं पान माझ्या पोटात नवंकोरं पडून होतं, त्याला कुणाचा हातच लागला नव्हता. पोरं चौथ्या ओळीवर यायची आणि एखादा दुवा धरून बाहेर पळायची, ती परत कवितेत येतच नव्हती. आख्खं गाव हिंडून यायची, पण कवितेतल्या त्या बाईच्या घराचा जिना कुणीच पुरता चढलं नव्हतं. हातात पुस्तक असतं तर निदान शेवटचं पान चाळलं तरी असतं.

सर टोपी घालत म्हणाले, “नवरा परत येतो. जेवायला बसतो. हे हॅस्केलच्या वर्गात कुणालाच ठाऊक नाही.” आणि ते गेले. त्यांच्या मागून बाकीचेही गेले.

मेना डेस्कवर डोकं ठेवून रडायला लागली. “माझ्यामुळे झालं, बाई. मीच बोलले.”

“गप्प बस,” बाई म्हणाल्या. “तुझ्यामुळे काही नाही. माझंच चुकलं. मी तुम्हाला दारं उघडून दिली आणि घरात बसायचं सांगायलाच विसरले.”

सुट्टीनंतर पोरं परत आली, तर पडद्यावर नुसती कविता. एकही दुवा दिसेना. पोरं खवळली.

“आमचं सगळं काम पाण्यात घातलंत?” गिल उठून उभाच राहिला.

“पाण्यात नाही, झाकून ठेवलंय,” बाई म्हणाल्या. “या दोन कळा एकदम दाबल्या की दुव्यांच्या चौकटी दिसतील. पण त्या कळा मी सांगेन तेव्हाच. आधी जेवण, मग लोणचं. चला, पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं. एकेकानं एकेक पान. आणि शेवटपर्यंत.”

“सगळं? मोठ्यानं? आम्ही काय पहिलीत आहोत का?”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीसुद्धा तुमच्याबरोबर पहिलीतच आहे आता.”

पहिले काही दिवस नुसती कुरकुर. वाचताना अडखळायचे, जांभया द्यायचे, गिल तर मुद्दाम चर्चमधल्या पाद्र्याच्या सुरात वाचायचा. पण कविता पुढे सरकत गेली तशी खोली शांत व्हायला लागली. बाकीच्या बायकांचे नवरे परत येतात. त्या एकेक करून छपरावरून खाली उतरतात. ही एकटीच वर उरते. वर्षं जातात. आणि शेवटचं पान नेमकं मेनाच्या वाट्याला आलं. तिनं ते माझ्याच पडद्यावरून वाचलं. नवरा दारात उभा आहे. ती त्याला ताट वाढते. आणि मग:

तो खाली बसून जेवतो आहे.
ती कंदील उचलते.

मेना थांबली. “एवढंच?” तिला भयंकर राग आला होता. “आता कंदील कशाला उचलते? आलाय ना तो? माझ्या आजीचा आला असता तर आजीनं त्याला सोडलंच नसतं! ही बाई वेडी आहे.”

“वेडी नाही, सवय झालीये,” गिल म्हणाला. पहिल्यांदाच तो मस्करी करत नव्हता. “वाट बघायची सवय. माझे बाबा बोटीवरून आले ना, की आई त्यांच्याशी धड बोलायचीच नाही दोन दिवस.”

“त्याचं काय एवढं?” कुणीतरी म्हणालं, आणि मग जे भांडण जुंपलं! घंटा झाली तरी कुणी उठेना. बाई मधोमध उभ्या, केसांत पेन्सिल, डोळ्यांत पाणी. एवढे दिवस हजार दुवे घालून जे झालं नव्हतं, ते एका शेवटच्या ओळीनं करून दाखवलं होतं. त्यानंतर त्या दोन कळा दाबल्या आणि दुवे परत आले. आता मात्र पोरं बाहेर जायची ती काहीतरी घेऊन परत कवितेतच यायची.

भांडणाच्या त्या दिवशी दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. स्टॅनविक सर. तसेच निघून गेले. पण पुढच्या वर्गाला येऊन मागच्या बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर. त्याच्या पुढच्या वर्गालाही आले. मग दर वर्गाला यायला लागले. एक अक्षर बोलायचे नाहीत. नुसते ऐकायचे. बाईंना वाटायचं, हा म्हातारा चुका गोळा करतोय.

शेवटी एकदा बाईंच्यानं राहवलं नाही. “सर, किती चुका जमल्या?”

“मोजतोय अजून,” सर म्हणाले. “बऱ्याच आहेत. घाई करू नका.”

त्यांची ती मस्करी करायची रीत होती. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती. पण बाईंच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणंच टाकलं.

मे महिना उजाडला. वर्ग संपले, पोरं कामाधंद्याला लागली, खोली रिकामी. दुसऱ्या दिवशी मतदान. भर दुपारी दार उघडलं आणि स्टॅनविक सर आत आले. इकडे तिकडे पाहिलं आणि थेट माझ्यासमोर येऊन बसले. मला धडकीच भरली. म्हटलं, हा आता माझी वायर उपटतो की काय!

त्यांनी माउस उचलला, उलटा करून पाहिला, परत ठेवला. “चल रे दगडा,” म्हणाले. मग ती कविता उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, त्या रिकाम्या खोलीत. शेवटच्या ओळीशी आले आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

“युद्धावरून मी परत आलो ना,” ते हळूच म्हणाले. मित्रांनो, तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे ते माझ्याशीच बोलले असणार. “मी घरात असायचो, आणि बायको रोज पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन उभी राहायची. माझ्याच पत्राची वाट बघत. मला इतका राग यायचा! तिला म्हणायचो, अगं, मी इथं बसलोय की. जन्मभर ही कविता शिकवली मी. पण बायको दारात का उभी राहायची, ते मला कळलं या पोरांचं भांडण ऐकल्यावर.” मग त्यांनी नाक शिंकरलं. “ही हॅस्केल बया इथं राहिली पाहिजे.”

आणि त्यांनी आपलं नाव टाइप करून दुवा घालायला घेतला. अरे देवा, काय ते बोटांचे हाल! एकेक कळ शोधायला एवढा वेळ, की पोरांनी तेवढ्यात सूप पिऊन घेतलं असतं. दोनदा चुकले, दोनदा मला शिव्या घातल्या. शेवटी जमलं. शेवटचा शब्द ‘उचलते’. त्यावर दुवा. आणि तो दुवा कुठं गेला ठाऊक आहे? कुठल्याही नव्या पानावर नाही. थेट पहिल्या ओळीवर. कंदील उचलते आणि लगेच: दिवे लागायच्या वेळी ती जिना चढते.

आता विचार करा. म्हणजे सुरुवातीला ती जिना चढते, तेव्हा नवरा खाली जेवत बसलेलाच असेल की काय? सगळी कविताच फिरली. माझ्या पोटात इतके दुवे होते, पण असा एकही नव्हता.

सर उठले, टोपी घातली, माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. हॅस्केलबाई एका मतानं कायम झाल्या. त्या धावतच वर आल्या, पाठोपाठ मेना. दोघी हात धरून नाचल्या. मी कोपऱ्यात बंद पडून होतो, पण ऐकू येत होतं.

“सरांनी दिलं असेल का हो मत?” मेनानं विचारलं.

“तो म्हातारा?” बाई म्हणाल्या. “तोंड बघ त्याचं. एक मत कमी पडलं असतं ना, तर त्याच्यामुळेच.”

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! नुसतं ‘अहो बाई, थांबा’ एवढं म्हणायला तरी. पण कुणीतरी चालू केल्याशिवाय आणि दोन कळा दाबल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. आमची जातच तशी.

मग नशिबाची गंमत बघा. बाई कायम झाल्या, वर्गाचं नाव झालं, म्हणून कॉलेजनं त्यांना नवे कॉम्प्युटर दिले. वर्ग चालू असताना पोरांचे दुवे बाईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये जमा होऊन आम्हा सगळ्यांवर यायचे; तिथूनच सगळ्यांची नक्कल नव्यांवर गेली. वर्ग संपल्यावर घातलेला सरांचा दुवा होता फक्त माझ्यात. आणि मला उचलून नेलं ग्रंथालयाच्या तळघरात.

तळघरातले दिवस काय सांगू? आधी मुलं यायची, नोकरीचे अर्ज टाइप करायची. मग तीही येईनाशी झाली. कुणी माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला, त्याचा गोल वळ अजून आहे. कुणी पाठीवर मोडकी छत्री वाळत घातली. वर जग बदलत होतं. घराघरातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले, सगळीकडे दुवेच दुवे झाले. आणि बाईंच्या वर्गातलं ते सगळं काम जुन्या पद्धतीचं ठरलं. नवी यंत्रं येत गेली आणि एक दिवस कुठल्याच यंत्राला ते उघडता येईना. मेनाच्या आजीचं ताट, गिलचं सूप, बुडालेल्या बोटींची नावं, सगळं दाराआड गेलं.

स्टॅनविक सर वारले, तेही मला तळघरातच कळलं. ग्रंथालयातल्या दोन बायका बोलत होत्या.

“चर्च अगदी भरलं होतं.”

“हॅस्केल नव्हती पण.”

“ती कशाला येतेय? दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.”

असं मी पडून असताना एके दिवशी तळघर साफ करायचं ठरलं. माझ्यावर लाल कागद चिकटवला. लाल कागद म्हणजे भंगाराचा ट्रक. माझे सोबती एकेक करून उचलले गेले. माझी पाळी आली, तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी ओरडलं, “थांबा! तो नको! तो बाकाल्याऊ आहे!”

मेना! अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. आता ती याच कॉलेजात शिकवते. तिच्या मागून काठी टेकत एक उंच म्हातारी बाई. केस पांढरे, केसांत पेन्सिल.

“बाई, हा चालू झाला तर आपलं सगळं परत मिळेल,” मेना म्हणाली. “जुना प्रोग्रॅम फक्त याच्यातच उरलाय.”

“हा काय चालू होणार, मेना? माझ्यासारखाच झालाय.”

ते ऐकून मी इरेला पेटलो. मेनानं वायर लावली, कळ दाबली. मी घरघरलो, थांबलो, परत घरघरलो. पडदा काळाच. ट्रकवाला म्हणाला, “गेलाय तो, बाई.” आणि मग माझ्या पडद्यावर हळूहळू उजेड आला. मेनानं आनंदानं टाळी वाजवली.

तिनं लगेच दुवे बघायला कळांवर बोटं ठेवली, पण बाईंनी तिचा हात धरला. “आधी जेवण.”

मग दोघींनी आळीपाळीनं कविता मोठ्यानं वाचली. ट्रकवाला पायरीवर बसला, तोही ऐकत होता. शेवटची ओळ बाईंनी वाचली. आणि मग म्हणाल्या, “हं, आता लोणचं.”

मेनानं दोन कळा दाबल्या. सगळीकडे चौकटी उमटल्या. बाईंची नजर शेवटच्या शब्दावर थांबली.

“मेना, इथं तर आपला दुवा नव्हता.”

“नव्हता. शेवटचं पान तर आपण मोकळंच ठेवलं होतं.”

बाईंनी जवळ वाकून नाव वाचलं. एल्डन स्टॅनविक. तारीख वाचली. मतदानाच्या आदल्या दिवशीची. त्यांनी टिचकी मारली, आणि पडद्यावर पहिली ओळ आली.

बाई खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. “त्यानं मत दिलं गं मला. आणि मी त्याच्या मातीलासुद्धा गेले नाही. मोजतोय अजून, म्हणाला होता. मी शेवटपर्यंत ऐकूनच घेतलं नाही त्याचं.”

मेनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचेही डोळे भरले होते.

मित्रांनो, मी यंत्र आहे. उपदेश करायची माझी लायकी नाही. पण विनवणी करतो. कविता असो की माणूस, चौथ्या ओळीवर सोडून पळू नका. आणि माझ्यासारखं एखादं जुनं धूड टाकून देण्याआधी एकदा चालू करून बघा. कुणीतरी, कधीतरी, तुमच्यासाठी त्यात काहीतरी ठेवून गेलेलं असतं, आणि आम्हाला ते स्वतःहून सांगता येत नाही.

ट्रकवाला उठला. “बाई, नेऊ का मग याला? माझी वेळ झाली.”

हॅस्केलबाईंनी डोळे पुसले. माझ्या कपाळावरचा लाल कागद ओढून काढला आणि पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “आम्ही आत्ता कुठे सुरुवात केलीय.”